देव्हाऱ्यातला रुपया

"बोल बाई," असं म्हणत बडे बाबू रुपया फरशीवर टाकायचे आणि डोळे मिटून उजवा कान पुढे करायचे. चांदीचा जुना राणीछाप रुपया असला की त्याचा आवाज लांबत जातो, बारीक होतो आणि कुठे संपला ते कळत नाही. तो पूर्ण संपेपर्यंत बडे बाबू श्वाससुद्धा जपून घेत. मग डोळे उघडून म्हणत, "बोल्ली." आवाज पडल्या पडल्या मेला, तर डोळे उघडायचीही तसदी घेत नसत. "मुकी हाये." झाला निकाल. त्यावर अपील नव्हतं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पोटापाण्याचा धंदा एक आणि जीव भलतीकडेच. आमचे बडे बाबू सौसरच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत, अगदी समोर राहत. मी त्याच कचेरीत त्यांच्या हाताखाली लागलो, म्हणून ते मला छोटे बाबू म्हणू लागले आणि पुढे गल्लीनेही तेच नाव उचललं. रोज सकाळी आम्ही एकाच बसने सौसरला जायचो आणि संध्याकाळी एकाच बसने परत यायचो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गल्लीत टीव्हीचे अँटेने नुकतेच दिसायला लागले होते आणि बडे बाबूंना त्यात काडीचा रस नव्हता.

त्यांना रस होता लिलावाच्या याद्यांत. नागपूर-मुंबईचे नाण्यांचे व्यापारी तेव्हा छापील याद्या टपालाने पाठवत. त्यात नाण्यांचे काळेपांढरे फोटो असायचे. आवडलं ते नाणं पोस्टकार्डावर लिहून आपली बोली कळवायची, ज्याची बोली जास्त त्याला पार्सल. बडे बाबूंनी जन्मात एक बोली लावली नाही. ते याद्या मागवत त्या खोटी नाणी शोधायला. बसमध्ये खिडकीची जागा धरायची, खिशातून भिंग काढायचं आणि कचेरीतल्या लाल पेन्सिलीने एकेका फोटोवर फुली मारायची. मग व्यापाऱ्याला पोस्टकार्ड: 'आपल्या यादीतील अमुक नाणे ओतीव आहे, विक्रीतून काढावे.' पगारी नोकराने केलं नसतं इतकं ते काम इमानदारीने चालायचं. बहुतेक व्यापाऱ्यांनी वैतागून याद्या पाठवणं बंद केलं. नागपूरचा एक मात्र शेवटपर्यंत पाठवत राहिला. त्याला फुकटात पारखी मिळाला होता.

"फोटोवरून कसं समजते जी तुमाले?" मी एकदा विचारलं.

"पाहा, छोटे बाबू. टाकसाळीतून रुपये सारखेच निघतात. पन मंग थे दुनियेत फिरतात. कोनी पडते, कोनाले सराफ टोचा मारते, कोनी चुलीत जाते. दोन रुपयांची रानी सारखी राहीन, जखम सारखी नाही राहत. दोन रुपयांवर एकच जखम दिसली, की समजायचं, एकाचा साचा काढून दुसरा ओतला."

हे शास्त्र मला पाठ झालं होतं. बसच्या कंडक्टरलाही झालं होतं.

लग्नसराईत त्यांच्याकडे रीघ लागायची. आमच्याकडे नवरीच्या ओटीत, बाळाचं तोंड पाहताना, जावयाच्या पाटाखाली चांदीचा रुपया लागतोच. सावरगावच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाने मोठ्या ऐटीत रुपया काढून नवरीच्या हातावर ठेवला. बडे बाबू बाजूलाच बसले होते. त्यांनी तो उचलला आणि पाटाच्या कडेवर वाजवला. "मुकी हाये," असं त्यांनी भर मांडवात सांगितलं. वरपक्ष उठून उभा राहिला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांचा सदरा धरून त्यांना अक्षरशः ओढत बाहेर नेलं. बाहेर आल्यावर हे म्हणतात कसे, "मी रुपयाबद्दल बोल्लो, व्याह्याबद्दल नाही बोल्लो." त्यानंतर पुष्कळ दिवस लोक त्यांना लग्नाचं बोलावणं द्यायचे आणि रुपया द्यायची वेळ आली की मुद्दाम जेवायला बसवून टाकायचे.

बोरगावची एक संत्र्याच्या बागेत राबणारी म्हातारी एकदा गळ्यातली रुपयांची माळ घेऊन आली. सुनेला द्यायची होती, पण आधी पारखून हवी होती. बडे बाबूंनी ओट्यावर बसून एकेक रुपया नखाने वाजवला. सगळे खरे निघाले, मधला एक सोडून. त्यांनी तसं सांगितलं, तर म्हातारी हसायला लागली. "राहू द्या जी, थो माह्या नवऱ्यानं देल्ला होता." बडे बाबूंनी माळ तशीच परत दिली.

खोटं नाणं सापडलं, की त्यांना ते पोटात ठेवता येत नसे. घरी जायच्या आधी ते गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करायचे. शिंप्याला, पानठेल्यावाल्याला, ओट्यावर बसलेल्या माझ्या वडलांना, सगळ्यांना इत्थंभूत सांगत सांगत घर गाठायचे. काकूंना ते ऐकू येईस्तोवर चहा उकळून तयार असायचा.

आता बेबीबद्दल सांगायला हवं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. आमल्याच्या एका रेल्वेतल्या मुलाशी तिने कोर्टात लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा होता. ती नवऱ्याला घेऊन नमस्काराला आली, तेव्हा बडे बाबूंनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "ह्या घरात थ्या नावाचं कोनी नाही राहत." काकू आत होत्या. त्यांचा आवाज आला नाही. पोरगी थोडा वेळ ओट्याजवळ उभी राहिली आणि निघून गेली. त्या दिवसापासून त्या घरात बेबीचं नाव बंद झालं. गल्लीतल्या आम्हा लोकांनीही ते बंद केलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण अशा बाबतीत शेजाऱ्याला कोण विचारतो?

बडे बाबूंच्या देव्हाऱ्यात एक राणीछाप रुपया होता, आजोबांच्या वेळचा. त्यावर छापलेल्या सालचे रुपये फार थोडे उरले आहेत, असं ते सांगत. राणीच्या गालावर कुण्या जुन्या सराफाने चांदी पारखायला मारलेला टोचा होता आणि कडेला एक खोक होती. लक्ष्मीपूजनाला काकू तो डबीतून काढायच्या, दुधापाण्याचं बोट लावायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि पुन्हा डबीत ठेवायच्या. वर्षानुवर्षांचं कुंकू त्याच्यावर थापलेलं असायचं. मी एकदा गमतीने म्हटलं, "बडे बाबू, हिले नाही का बोलवत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही घाण बोललो. "लक्ष्मी हाये थे. लक्ष्मीले आपटत नाहीत, न तिचं कुंकू खरडत नाहीत."

साऱ्या मुलखाचे रुपये आपटून पाहणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरचा रुपया कधी हातात घेऊन पाहिला नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटण्याचंही कारण नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं आहे.

एका उन्हाळ्यात नागपूरची यादी आली. आम्ही बसमध्ये होतो. बडे बाबूंनी भिंग लावलं आणि एका फोटोवर ते थांबले. मग यादी माझ्या मांडीवर टाकली. "पाहा." राणीच्या गालावर टोचा. कडेला खोक.

"हा तं तुमच्या घरचा..."

"माह्या घरचा घरी हाये," ते म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलून आला होता. "कधीतरी कोन्या सोनाराच्या हातात गेला असन आजोबाच्या वक्ती. थ्यानं साचा काढला असन. पन काय सबूत भेटला, छोटे बाबू! असली न नकली, दोन्ही बाजूले ठेवून दाखवतो लेकाले."

पोस्टकार्डावर हे काम भागणारं नव्हतं. देव्हाऱ्यातला रुपया घेऊन ते स्वतः नागपूरला जाणार होते आणि साक्षीदार म्हणून मला नेणार होते. काकूंनी हे ऐकलं तशा त्या देव्हाऱ्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्यासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"देवातली लक्ष्मी बाहेर नेत नाहीत. नका नेऊ."

"एक दिवसाचा तं सवाल हाये. संध्याकाळी आनतो न."

"जाऊ द्या न त्याचा खोटा. आपल्याले काय करायचं हाये?"

बडे बाबू हसले. हाच प्रश्न त्या गेली कित्येक वर्षं विचारत आल्या होत्या. त्यांनी डबी काढली, रुपया रुमालात बांधला आणि आम्ही स्टेशनवर गेलो. काकू दारात उभ्या होत्या. मला वाटलं, भाविक बाई आहे, जीव अडकला असेल.

दुकान इतवारी बाजारात होतं. व्यापारी वयस्कर होता, सभ्य होता. बडे बाबूंचं नाव ऐकल्यावर उठून उभा राहिला, थंड पाणी मागवलं. मग त्याने आपला रुपया मखमलीवर ठेवला आणि बडे बाबूंनी रुमाल सोडून आपला शेजारी ठेवला. टोच्याला टोचा, खोकेला खोक. दोन्ही हुबेहूब होते.

"आता सांगा," बडे बाबू म्हणाले.

व्यापाऱ्याने काटा पुढे ओढला. एका पारड्यात आपला रुपया ठेवला, दुसऱ्यात बडे बाबूंचा. बडे बाबूंचं पारडं वर गेलं. त्याने पारडी बदलून पाहिली. पुन्हा बडे बाबूंचंच वर गेलं.

"कुंकवाचं..." बडे बाबू बोलायला लागले आणि थांबले. कुंकू लागलं तर वजन वाढेल, कमी कसं होईल, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

व्यापाऱ्याने हलक्या हाताने तो रुपया उचलला. आपटणार, एवढ्यात बडे बाबूंनी त्याचा हात धरला. "लक्ष्मी हाये थे," ते म्हणाले. मग त्यांनीच तो रुपया त्याच्या हातातून घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि समोरच्या संगमरवरी पाटीवर सोडला.

आवाज पडल्या पडल्या मेला.

या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी व्यापाऱ्याचा रुपया उचलून तोही सोडला. तो वाजत राहिला. दुकानातला नोकरसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकत होता.

"हा तुमाले कोनी देल्ला?" बडे बाबूंनी विचारलं.

"आमल्याकडचा एक रेल्वेवाला घेऊन आला होता. बायकोचा आहे म्हणाला, तिला आईने ओटीत दिला होता. बायको वारली, आता ठेवून काय करू म्हणाला." व्यापाऱ्याने काटा बाजूला सारला. "चांगला माणूस वाटला. भाव सांगितला तर घासाघीससुद्धा केली नाही. का, ओळखीचे होते?"

बडे बाबूंनी आपला रुपया रुमालात घातला. गाठ त्यांना नीट मारता येईना, ती मी मारली. व्यापाऱ्याला ते 'येतो' म्हणाले. पाण्याचा पेला तसाच भरलेला राहिला.

गाडीत ते खिडकीशी बसले. काटोल गेलं, नरखेड गेलं. बेबी माझ्या डोळ्यांसमोर शाळेत गेलेली पोरगी. मला रडायला यायला हवं होतं, पण आलं नाही. पांढुर्णा आलं, मी उठलो. ते उठले नाहीत. मी खांद्याला हात लावला, तर म्हणाले, "ही गाडी आमल्याले जाते न?"

"जाते. पन आपल्याले उतरायचं हाये, बडे बाबू."

"हीच गाडी जाते," ते म्हणाले. "रोज जाते."

तेवढ्यात गाडी हलली. आम्ही पुढच्या स्टेशनावर, तिगावला उतरलो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. रुमालाची गाठ चाचपत ते बोलले.

"हिनंच देल्ला असन. बेबीले कोठीतरी भेटली असन न ओटीत टाकला असन. मले समजू नाही म्हनून साचा काढून दुसरा ठेवला."

"मंग आता घरी काय सांगान?"

"काय सांगू? तिच्या हिशेबानं पोट्टी आमल्याले नांदून राहिली. नांदू दे."

आम्ही पोचलो तेव्हा काकू ओट्यावरच होत्या. सूप पुढ्यात होतं, पण हात चालत नव्हते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"थ्याचा खोटा निघाला. आपला खरा हाये," बडे बाबू म्हणाले आणि रुमाल त्यांच्या हातात दिला.

काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. क्षणभर त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या, मग आत जाऊन रुपया देव्हाऱ्यात ठेवला. आपल्या घरचा रुपया खोटा आहे, हे काकूंना आधीपासून माहीत होतं. आता बडे बाबूंनाही ते माहीत होतं. बडे बाबू सदरा न काढताच खाटेवर आडवे झाले. नाण्याच्या बाबतीत ते खोटं बोलले, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे त्यांनी काकूंना कचेरीचं काम सांगून दोन दिवसांची रजा टाकली आणि ते आमल्याला गेले. परत आल्यावर बसमध्ये मला म्हणाले, "थ्याची बदली झाली. क्वार्टरात दुसरे लोक राहतात. थ्यायले काही माहीत नाही." कुठे बदली झाली, मूलबाळ होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. रेल्वेच्या कचेरीत मुलीचा बाप म्हणून चौकशी करायची, तर आधी बाप आहे हे सांगावं लागतं. ते त्यांना जमलं की नाही, कोण जाणे.

याद्या येत राहिल्या. ते त्या घडीसुद्धा न मोडता कपाटावर टाकत. बसमध्ये खिडकीची जागा मी धरून ठेवायचो, ते बसायचे आणि बाहेर पाहायचे. कपाशी, संत्र्याचे बगीचे, पुन्हा कपाशी. कोणी रुपया पारखायला आणला, तर हातात घेऊन "चांगला हाये" म्हणत आणि परत देत. आपटत नसत. लोक खूश होऊन जायचे. लक्ष्मीपूजनाला आम्ही नेहमीसारखे गेलो. त्यांनी त्या रुपयापुढे हात जोडले, काकूंनीही जोडले आणि सगळ्यांना लाह्या-बत्तासे वाटले. मी माझा प्रसाद न खाता खिशात टाकला.

रिटायर व्हायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. माणसं जमली, तिरडी बांधून झाली. गल्लीतले म्हातारे आपसांत बोलायला लागले, की आता काय राग धरायचा, बेबीला तार करा, पोरगी बापाचं तोंड तरी पाहील, संध्याकाळपर्यंत थांबू. सगळे माझ्याकडे पाहत होते, कारण तार करायला मीच जाणार होतो. मी तिरडीची दोरी उगाच पुन्हा आवळत बसलो.

काकू आतून आल्या. "कोनाची वाट पाहून राहिले?" त्या म्हणाल्या. "उचला."

बाई दगडाची आहे, असं काही जण जाम नदीकडे जाताना म्हणत होते. मी ऐकून घेतलं.

तेरवीला मी वाढायला होतो. अंगणात विधी सांगायला आलेल्या महाराजांनी दिवंगतांच्या नावाने पानं मांडायला घेतली. आजोबांचं, वडलांचं, बडे बाबूंचं. "आणखी कोणाचं?" त्यांनी सवयीने विचारलं.

"एक बेबीचं मांडा," काकू म्हणाल्या.

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना रडू.

"मले थ्याच दिवशी समजलं होतं, भाऊ. थ्याचा खोटा निघाला असता, तं गल्लीभर सांगत आले असते. गुपचूप घरात येऊन निजले नसते. न बेबी असती, तं तिनं थो रुपया कोनाले इकू देल्ला नसता." पदराने त्यांनी पत्रावळीवरची धूळ पुसली. "मी नाही बोल्ली. म्हटलं, मले मालूम नाही असं यायले वाटून राहिलं तं वाटू दे. तेवढ्यासाठी तं जेवत होते."

महाराज खोळंबले होते. मुलगी कधी गेली, तिथी काय, असं त्यांनी हळूच विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले सांगतली होती का यायनं?"

मी नकारार्थी मान हलवली. बेबी कोणत्या दिवशी गेली, कशाने गेली, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"तिथी माहीत नसली, तर अमावस्या धरतात," महाराज म्हणाले.

"धरा मंग."

महाराजांनी पान मांडलं. मी भात वाढला, वरण वाढलं, वडा ठेवला. कढीचा डाव उचलला, तशा काकू पटकन पुढे आल्या आणि पानावर आडवा हात धरला.

"कढी नका वाढू. बेबी नाही खात."

मी डाव परत बादलीत ठेवला आणि पुढच्या पंगतीकडे गेलो.